ज्येष्ठ सेवकाचं पटत नाही, पण आदर आहे: मग त्यांना आधार कसा द्यायचा?

प्रिय भाऊ, सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही 26 वर्षांचे, नागपुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन वर्षांपासून तरुण संघाचं काम पाहता. तुमच्याबरोबर एक ज्येष्ठ सेवक आहेत, ते 22 वर्षांपासून बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभा चालवतात. आता त्यांना झेपत नाही. संदेश लांबतो, माणसांची नावं चुकतात, नवीन काही सुचवलं की चिडतात, आणि बाकीचे लोक त्यांच्या मागे हसतात. तुम्ही लिहिलंय, "मला त्यांचा आदर आहे पण त्यांचं पटत नाही. आदर ठेवणं म्हणजे गप्प राहणं का? आणि आधार द्यायचा तर नेमका कसा?" त्यांचं नाव तुम्ही दिलेलं नाही, ते बरंच केलंत. मी त्यांना काका म्हणते.

मी नोकरीने नर्स होते, आता निवृत्त आहे. मंडळीत 31 वर्षं संडे स्कूल, मग महिला संघ, आणि सहा वर्षं पंचमंडळीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, चिटणीस. या काळात सात पाळकसाहेब आले आणि बदलून गेले. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. सेवकांबरोबर काम करून, त्यांच्या घरी चहा पिऊन, त्यांच्या आजारपणात उशाशी बसून जे कळलं, तेच सांगते.

तुम्हाला बोलावं लागणारच आहे. काकांचं चुकत असेल आणि तुम्ही प्रेमापोटी काहीच बोलला नाहीत, तर ती चूक दर बुधवारी दहा माणसांसमोर उघडी पडत राहील. अडचण असते ती कोणापुढे बोलायचं याची. प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात सरळ सांगितलंय की भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे जा, तो आणि तू दोघेच असताना बोल. आपल्या मंडळ्यांमध्ये हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. आधी जाऊबाईला, मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, मग पाळकसाहेबांना, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी, तेही कुणाच्या तरी तोंडून कळतं.

हे मी स्वतः केलेलं आहे. आमच्याकडे एक काका शास्त्रवाचन करायचे आणि गीतांचे नंबर सांगायचे. दोन-तीन रविवार ते नंबर चुकले. 138 म्हणायच्या जागी 188. पेटीवाला एक चाल धरायचा, मंडळी दुसरंच पान उघडायची. मी त्यांना काही बोलले नाही. महिला संघाच्या सभेत मात्र उभी राहून म्हणाले, "काकांसाठी प्रार्थना करा, त्यांना हल्ली विस्मरण व्हायला लागलंय." मनात खरंच काळजी होती. पण पुढच्या रविवारपर्यंत अख्ख्या मंडळीत झालं होतं की काकांचं डोकं चालत नाही. त्यांनी वाचन बंद केलं. कोणी विचारलं की म्हणायचे, "आता तरुणांनी करावं."

महिनाभराने मी त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर गाठलं आणि काय केलं ते सांगून टाकलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "हे तू मलेच काहून नाही सांगतलं वं बाई? मले तीन आणि आठ सारखेच दिसून राहिले चार महिन्यांपासून." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी नर्स, रोज रुग्णांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणारी, आणि दर रविवारी दहा फुटांवरून बघूनही मला दिसलं नाही, कारण हे कशामुळे होत असेल ते मी आधीच ठरवून टाकलं होतं. ऑपरेशननंतर ते पुढे कितीतरी वर्षं वाचत राहिले. पण 'विस्मरण' हा शब्द काही त्यांच्या नावावरून पुसला गेला नाही. तो मी चिकटवला होता, आणि तोही प्रार्थनेच्या नावाखाली.

म्हणून प्रार्थनाविनंतीबद्दल मी फार कडक झाले आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारावं, "तुमच्यासाठी सभेत प्रार्थना मागू का? काय सांगू?" त्याने नको म्हटलं तर घरी बसून करावी. देवाला तपशील आधीच माहीत आहेत.

तुमच्या काकांचंही आधी हेच बघा. नावं विसरणं, चिडचिड, बोलणं लांबत जाणं, यांना म्हातारपण किंवा स्वभाव म्हणण्याआधी त्यांची तपासणी झाली आहे का? साखर वाढलेली असेल, थायरॉइड असेल, बी-12 कमी असेल, रात्री झोप लागत नसेल, मनाला उदासी असेल, तर माणूस असाच वागतो. ऐकू कमी येत असेल तर समोरच्याने 'झालं' म्हटलेलं त्याला कळत नाही आणि तो बोलत राहतो. ऐकू कमी येणारी माणसं चिडकी वाटतात, आणि त्यातली निम्मी चिडचिड रागाची नसून थकव्याची असते. त्यांच्या मुलाला किंवा काकूंना सहज विचारा. नाहीतर तुम्हीच म्हणा, "काका, मी रक्त तपासायला चाललोय, चला बरोबर."

बायबलमधला संदेष्टा एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली जाऊन पडला आणि देवाला म्हणाला, आता पुरे झालं, माझा जीव घे. त्या वेळी देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, त्याला उठवून खायला घातलं, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून खायला घातलं. देवाशी बोलणं झालं ते त्याच्या कितीतरी नंतर, होरेबला. सेवेतल्या थकलेल्या माणसाकडे जाताना मी हा क्रम पाळते. आधी भाकर आणि झोप, बोलणं नंतर.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं. सभा संपल्यावर लगेच नको, तेव्हा माणूस रिकामा झालेला असतो. रविवारी नको. काकू आणि नातवंडांसमोर तर मुळीच नको. गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी जा. एका वेळी एकच गोष्ट काढा, आणि ती घडलेली गोष्ट असू द्या, स्वभावावरची टिप्पणी नको. "काका, तुम्ही फार लांबवता" असं म्हटलं तर ते भांडण झालं. "काका, परवा ज्यांच्या घरी सभा होती त्यांची मुलं साडेनऊला पेंगत होती, त्यांची सकाळी सातची शाळा असते. नऊला संपवायचं तर काय करता येईल?" असं विचारलंत तर काका स्वतःच काहीतरी सुचवतील. दोन वर्षांत तुम्ही जे जे सुचवलं ते त्यांना कसं ऐकू गेलं असेल, याचाही विचार करा. ज्याने 22 वर्षं एक काम उभं ठेवलं त्याला प्रत्येक नवी सूचना 'आतापर्यंत तुम्ही चुकलात' अशीच ऐकू येते. म्हणून सूचनेआधी एकदा विचारा की पहिली सभा कोणाच्या घरी झाली होती, किती माणसं होती, पाऊस होता का. त्यांना सांगू द्या. तासभर लागला तरी लागू द्या.

मागे हसणाऱ्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्यांच्याशी वाद घालू नका. मी एकच वाक्य वापरते, "तुम्ही त्यांच्याशी बोललात का? बोलायचं असेल तर मी येते बरोबर." या वाक्यानंतर दहातले आठ जण विषय बदलतात. उरलेल्या दोघांना खरंच काही म्हणायचं असतं, त्यांच्याबरोबर मात्र जायचं. पण एक सांभाळा. काकांसमोर 'हो हो' आणि बाहेर आल्यावर नुसतं डोळ्यांनी हसणं, हेसुद्धा बोलणंच आहे. तरुण संघातली मुलं तुमच्या तोंडापेक्षा तुमच्या डोळ्यांकडे बघतात.

आधाराचं सांगायचं तर निर्गमच्या 17 व्या अध्यायातली एक बारीक गोष्ट आपण नेहमी सोडून देतो. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात जड झाले आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी ते धरले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हात धरण्याआधी त्यांनी एक दगड आणून मोशेला बसायला दिला होता. उभ्या माणसाचे हात किती वेळ धरणार? सेवकाला आधार देणं म्हणजे मला आधी तो दगड वाटतो. स्टेजवरून दिलेली शाल आणि नारळ नव्हे, तर त्याच्या आठवड्यात नेमकं काय जड आहे ते बघून तेवढंच हलकं करणं.

"काही लागलं तर सांगा हं काका" या वाक्याचा उपयोग होत नाही. कोणी सांगत नाही. सेवेतली माणसं तर मुळीच सांगत नाहीत, त्यांना वाटतं मागणं म्हणजे विश्वास कमी पडणं. त्याऐवजी, "बुधवारी साडेसहाला मी गाडी घेऊन येतो, आपण बरोबर जाऊ," असं म्हणा आणि साडेसहाला जा. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि संध्याकाळी सहालाही रस्ता भाजतच असतो. अशात साठीच्या पुढचा माणूस स्कूटर चालवत जरीपटक्याहून मोहननगरला सभेला जातो आणि तिथे पोचून तासभर उभा राहून बोलतो. तो चिडणार नाही तर काय होईल? तुम्ही नुसतं नेलं-आणलंत तरी संदेशात फरक पडलेला दिसेल, हे मी अनुभवाने सांगते.

पैशाचंही बोलते, कारण आपण ते टाळतो. प्रेषित पौल त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे. पण मानधन ठरवायच्या वेळी आपल्याला सेवकाचा त्याग आठवतो. काकांना पेट्रोलचा खर्च कोण देतं? बहुतेक कोणीच देत नसणार. मंडळीकडून द्यायचा असेल तर खजिनदारांमार्फत, पावती करून, दर महिन्याला ठरावीक तारखेला द्यावा. म्हणजे ते उपकार ठरत नाहीत आणि संशयही राहत नाही. तुम्हाला खिशातून काही करायचं असेल तर जूनमध्ये, नातवंडांच्या वह्या-पुस्तकांच्या वेळी करा, आणि त्याचा फोटो काढू नका.

श्रेयाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्या शहरात हिस्लॉप कॉलेज कोणाला माहीत नाही? मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने 1883 साली सुरू झालेलं. हिस्लॉप 1840 च्या दशकात इथे आले आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेले. पण नागपुरात ते एकटे नव्हते. त्यांच्याबरोबर रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी मिशनरी होते. दोघांनी मिळून सेवा केली, आणि नागपूरच्या आसपासच्या खडकांचा अन् जीवाश्मांचा दोघांनी मिळून अभ्यासही केला. तो 1855 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा त्यावर दोघांची नावं होती. आज कॉलेजच्या फाटकातून जाणाऱ्या किती मुलांना हंटर माहीत असतील? त्यात कोणाचा दोष नाही. पण मला तो छापील निबंध आवडतो, कारण काम दोघांचं होतं आणि तसं लिहून ठेवलेलं आहे. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायातही पौल दोन डझनांहून जास्त माणसांची नावं घेतो, कोणी काय श्रम केले ते सांगतो, आणि पत्र ज्याने लिहून घेतलं तो तर्तियुसही मध्येच स्वतःचा सलाम घालतो. पौलाने त्याला थांबवलं नाही.

वार्षिक सभेत तरुण संघाचा अहवाल तुम्हीच वाचत असाल. घरगुती सभांमधून किती तरुण तुमच्याकडे आले ते मोजा, आणि ते काकांच्या नावानिशी वाचा. ते समोर बसलेले असताना वाचा.

पटत नसलं तरी बरोबर काम करता येतं का, तर येतं, आणि त्याचा पुरावाही आपल्याच गावात आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याची बोलणी 1929 पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. बाप्तिस्मा लहान बाळाला द्यावा की कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावर, हा काही किरकोळ मुद्दा नव्हता. त्यावर त्यांनी एकमेकांना हरवलं नाही, दोन्ही पद्धती मंडळीत मान्य करून घेतल्या. तुमच्यात आणि काकांच्यात गिटार असावी की पेटी आणि संदेश वीस मिनिटांचा की पन्नास, एवढाच फरक आहे.

आणि कधी कधी नाहीच जमत. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात, तरुण मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं बिनसलं की दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांच्या कृत्यांत ते लपवलेलं नाही. पण पुढे तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. ज्या मुलाला पौलाने नाकारलं त्याला बर्णबाने बरोबर नेलं होतं. तुमच्यावर वेगळं काम घ्यायची वेळ आली तर घ्या, पण निघताना असं काही बोलू नका की नंतर बोलावणं पाठवायला तोंड राहणार नाही.

यातलं बरंचसं तुमच्या मंडळीच्या रचनेवर अवलंबून आहे. पाळक बदलून येणारी आणि पंचमंडळी असलेली मंडळी असेल, तर बुधवारच्या सभेचं वाटप पाळकसाहेबांनी करावं, तुम्ही नाही. तुमच्या तोंडून आलं तर ते काकांची जागा घेणं दिसेल. काका आजाऱ्यांसाठी प्रार्थना घेतील, तुम्ही वचन वाचाल आणि संदेश आळीपाळीने, असं काहीतरी सुचवून बघा. स्वतंत्र मंडळी असेल आणि काकांनीच ती सुरू केली असेल, तर त्यांच्यावर कोणी नाही. तिथे त्यांचा विश्वास असलेला एखादा बाहेरचा वडीलधारा सेवक शोधावा लागतो आणि वेळ दुप्पट लागतो. कॅथलिक असाल तर फादरांशी बोलूनच पुढे जा.

एका बाबतीत मात्र परिस्थितीवर काहीच अवलंबून नाही. अर्पणाच्या पैशांत गोलमाल दिसली तर ती प्रेमाने झाकायची नसते, पंचमंडळीपुढे लेखी ठेवायची असते. आणि कुठल्याही सेवकाकडून लेकराशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं, तर मत्तय 18 काढून दोघांत बोलायला जाऊ नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. 'सेवकाचा आदर' म्हणून एखाद्या लेकराला गप्प बसवलं जातं तेव्हा माझं रक्त तापतं. तुमच्या काकांबद्दल असं काही नाही हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय, पण हे वाचणारे आणखीही लोक आहेत.

तर या बुधवारी गाडी घेऊन त्यांच्या दारात जा. सुचवायचं काही नको, फक्त न्या आणि आणा. पुढच्या आठवड्यात तपासणीचं बघा. मुलांच्या शाळेचं बोलणं तिसऱ्या आठवड्यात काढा.

आणि त्यांच्याकडे एक वही असेल, त्यात कुठल्या घरी कोण आजारी, कोणाचं लग्न ठरत नाही, कोण दारू सोडतोय, हे सगळं टिपलेलं असेल. जुन्या सेवकांकडे असते. आमच्या त्या काकांची वही लाल पुठ्ठ्याची होती, कडेला कापडी पट्टी लावलेली. मी ती कधी मागितली नाही. ऑपरेशनआधी डोळ्यांना दिसत नव्हतं तेव्हा एकदा रिक्षात बसल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच बरं, आज कोणाकडे जायचं आहे?" त्यानंतर दर आठवड्याला मीच वाचत होते.